आमच्या घरात काही गळत नाही म्हणून

शुक्रवार, दुपारचा चहा झाल्यावर

सौभाग्यवती धाकटीस थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे हातीपायी धड आहेत. तुम्ही दोघं कसे आहात? तुझा डावा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? (उजवा असेल तर उजव्याचं कळव, मला नक्की आठवत नाही, पण एक होता खास.) यजमानांचा खोकला बसला का? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि वर्तमानपत्रात तोंड घालून ते नुसतं "हं" म्हणाले तर तेवढंही मला पोचलं असं समज. खरं तर फोनच करणार होते, पण तू माझा फोन उचलत नाहीस हे गेल्या दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं आहे, मी मंद असले तरी इतकी नाही. पत्राचं तसं नसतं. पत्र माणूस वाचतोच, रागाने का होईना. तर तब्येती सांभाळा, वेळेवर जेवा, आणि तुझ्या घरातलं बाकी सगळं आहे तसंच आहे ना? म्हणजे नळ, खिडक्या, तो जुना फ्रिज. सहज विचारते.

अक्षराकडे बघू नकोस. चौथीनंतर माझ्या हाती पेन आलं ते दवाखान्याच्या धुलाईखान्यात, चादरींच्या गठ्ठ्यांवर सही करायला, आणि सही म्हणजे तरी काय, तीन वळणं आणि एक शेपूट. अक्षराऐवजी कागदाची मागची बाजू बघ. ही सगळी आमच्या मुंगीने महिनाभरात गोळा केलेली माहितीपत्रकं आहेत. पृथ्वी वाचवा हे सांगायला एवढा जाड, गुळगुळीत कागद, आणि तोही एकाच अंगाने छापलेला. दुसरी बाजू अगदी कोरी, अंथरूण घालून ठेवल्यासारखी. मला बघवेना. आता तू वाचते आहेस त्या पानाच्या मागे एक मुलगा दोन्ही हातांत पृथ्वी धरून हसतो आहे, बाजारातून चांगलं कलिंगड निवडून आणल्यासारखा. पुढच्या पानामागे पवनचक्क्या आहेत. त्याच्या पुढच्यावर नुसतं "तुमचं पाऊल, उद्याचं जग" असं लिहून खाली कुणाचा तरी बूट काढला आहे, तो मला काही कळला नाही.

मागच्या खेपेस तुझ्याकडे जे झालं त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. झालं ते झालं.

तर मुंगी. माझ्या मुलाची एकुलती एक लेक, तुला ठाऊकच आहे. लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची म्हणून मुंगी, आणि आता पदवी हातात आली तरी सवय तीच, फक्त या वेळी तिने ओढायला घेतली ती आख्खी पृथ्वी. गेलं वर्षभर पोरगी जेवायला बसली की बर्फ कुठे किती वितळला ते सांगायची. आपण घास उचलावा तोवर समुद्र वर आलेला असायचा. सूनबाई म्हणायची, निदान वरण गरम आहे तोवर तरी जेव. तिच्या बापाचं म्हणणं वेगळंच. त्याच्या मित्राचं फरशांचं दुकान आहे, मोठं, काचेचं, आत शिरलं की स्वेटर आठवावा इतकं थंड, आणि तिथे गल्ल्याजवळ बसायला एक विश्वासाचं माणूस हवं आहे. "पृथ्वी वाचवायला माणसं पुष्कळ आहेत," आमचे चिरंजीव म्हणाले, "दुकानालाच मिळत नाहीत." त्याने पोरीला मुदत घालून दिली. पुढच्या एक तारखेच्या आत तुझ्या त्या पृथ्वीवाल्यांकडे जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर एक तारखेला सकाळी दहा वाजता फरशी. (मुलगा माझा वाईट नाही गं. त्याला काळजी वाटली की तो तारखा देतो, त्याचे वडीलही असेच होते.)

मुंगीला काम करायचं होतं, पण कुठलं ते तिला सांगता येईना. तिने आणलेल्या चाळीस पत्रकांत चाळीस हुद्दे. कुठे सल्लागार, कुठे समन्वयक, कुठे धोरण विश्लेषक. मी तिला विचारलं, धोरण विश्लेषक सकाळी कामावर जातो तेव्हा पहिलं काय करतो? ती म्हणाली, बहुतेक संगणक उघडतो. मग? मग विश्लेषण. धुलाईखान्यात आम्ही सकाळी गेलो की आधी बॉयलरच्या नळ्यांना कान लावायचो. कुठे सुस्कारा ऐकू आला की तिथून वाफ सुटते आहे, म्हणजे कोळसा फुकट, म्हणजे मुकादम चिडणार. सव्वीस वर्षं मी ते ऐकलं, म्हणून अजूनही मला शेजारच्या इमारतीतला गळका नळ झोपेत ऐकू येतो. (तुझ्याकडे तर मला झोपच लागली नव्हती. पण त्याबद्दल मी लिहिणार नाही म्हटलं आहे.)

तिच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे, मुलांना कामधंद्याची वाट दाखवायची. मुंगी तिथे दोनदा जाऊन दुसऱ्या मजल्यावरूनच परत आली होती. का, तर मॅडमनी विचारलं की तुला काय व्हायचं आहे, तर सांगणार काय. तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. मला जिना चढता येत नाही असं मी तिला सांगितलं, म्हणजे तिला हात धरून मला वर न्यावंच लागलं, आणि आजीला तिसऱ्या मजल्यावर आणून परत फिरणं शोभलं नसतं. (माझे दोन्ही गुडघे उत्तम आहेत, तुझ्यासारखं नाही.)

मॅडम म्हणजे पन्नाशीच्या, एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, आणि तिसरा कुठे ठेवला म्हणून टेबलावर शोधताहेत. भर दुपारी खोलीत दोन ट्यूबलाइट चालू. खिडकीतून एवढं ऊन येत होतं की त्यांच्या फायलींवर माझी सावली पडली होती. मी थोडा वेळ कळ काढली. मग उठले आणि दोन्ही बंद करून परत खुर्चीत येऊन बसले. मुंगीने डोळे मिटून घेतले. मॅडमनी आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "सहा वर्षं मी या खोलीत बसते, हे बटण कुठे आहे ते मला आज कळलं." तिथून त्या बाईशी माझं जमलं.

त्यांनी मुंगीला काय व्हायचं आहे ते विचारलंच नाही. म्हणाल्या, पृथ्वी जरा बाजूला ठेव, मागच्या महिन्यात कुठलं काम करताना तू जेवायचं विसरलीस ते सांग. पोरीने बराच विचार केला आणि अपराध्यासारखं सांगितलं की शेजारच्या गाण्याच्या शिक्षिकेची फ्लशची टाकी सारखी वाहत होती, ती उघडून बसले आणि चार वाजले. टाकीत रंग टाकून पाहिला, भांड्यात रंग उतरला, म्हणजे आतलं रबर गेलं होतं. सांगताना तिचा चेहरा कसा झाला होता ते तू बघायला हवं होतंस. वर्षभरात बर्फाबद्दल बोलताना तो एकदाही तसा झाला नव्हता. मॅडमनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा डोक्यावर ठेवला, आणि म्हणाल्या की हेसुद्धा काम आहे, आणि त्याला पगार आहे. घरं, शाळा, कचेऱ्या तपासायच्या, वीज कुठे वाया जाते, पाणी कुठे, गारवा कुठून पळतो ते शोधायचं, लिहून द्यायचं आणि दुरुस्त होईपर्यंत पाठ सोडायची नाही. एका संस्थेत वर्षभर हाताखाली शिकवतात आणि मग तिथेच घेतात. मुंगी म्हणाली, पण हे फारच छोटं आहे ना. मॅडम म्हणाल्या, "खिडकीतून घरं दिसताहेत ती मोजून ये, मग छोटं म्हण." मुंगी खरोखरच खिडकीशी गेली. दोनशेवर कंटाळून परत आली आणि अर्ज मागितला.

निघताना मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती मला लागली. म्हणाल्या, गळती शोधणं सोपं असतं. ज्याचं घर आहे त्याला न दुखवता ती सांगणं, हीच यातली खरी विद्या, आणि तिथेच बरेचसे नापास होतात. मी जिना एकेका पायरीवर थांबत उतरले. मुंगीला वाटलं मला दम लागला.

संस्थेत जागा आठ, त्यातल्या सात भरलेल्या. आठवीसाठी मुंगी, आणि तिच्यामागे एक जण रांगेत. परीक्षा साधी. एक घर निवडायचं, परीक्षकासमोर ते तपासायचं, आणि कागदावर तीन रकाने भरायचे. दोष, कारण, उपाय. मुंगीने अर्थातच आपलंच घर दिलं, गुरुवारी सकाळी अकराची वेळ ठरली. सोमवारी तिने सराव म्हणून घर तपासलं. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला, निघेना. खिडकीशी मेणबत्ती धरली, ज्योत पुतळ्यासारखी उभी. नळ कोरडे. फ्लशच्या टाकीत रंग टाकला, दुपारपर्यंत टाकीतच. टीव्हीचा तो लाल दिवासुद्धा बंद, कारण तो मी रोज मुळापासून बंद करते. संध्याकाळी पोरगी पलंगावर बसली, कोरा कागद मांडीवर, आणि म्हणाली, "आजी, आपल्या घरात काहीच गळत नाही." असं म्हणाली जणू मी तिचं लग्न मोडलं. धाकटे, आयुष्यभर ज्याचा मला अभिमान वाटला, ते माझ्या नातीच्या आड आलं. एकीकडे ती फरशी तिची वाट बघते आहे, आणि इकडे माझ्या प्रत्येक नळाचा वायसर नवा.

आता पुढचं मी तुला सांगते, पण कुणाला बोलू नकोस. मंगळवारी दुपारी सगळे बाहेर गेले तेव्हा मी पलंगाखालून माझा धुलाईखान्याचा पाना काढला. (निवृत्तीच्या दिवशी मला शाल आणि फुलं मिळाली. पाना मी स्वतःहून घेतला.) माझ्याकडे जुन्या झिजलेल्या वायसरांचा एक डबा आहे, कधी ना कधी उपयोगी पडतील म्हणून ठेवलेला, आणि बघ, पडले. स्वयंपाकघरातल्या नळाला सगळ्यात सडका वायसर घातला. मुंगीच्या खोलीच्या खिडकीची रबराची पट्टी वीतभर सोलली. फ्रिजच्या रबराखाली आगकाडी सरकवली. फ्लशच्या टाकीतल्या तरंगत्या गोळ्याची दांडी वाकवली. गिझरचा काटा पार टोकाला नेला. पाच दोष, हाताच्या बोटांइतके. आणि मग खुर्चीत येऊन बसले, देवमाणसासारखी.

पण उधळपट्टी अंगात असावी लागते गं, ती अशी एका दुपारी येत नाही. नळ टपकायला लागला तो थेंब थेट माझ्या कवटीत. मी पंधरा मिनिटं सोसलं. मग त्याच्याखाली एक पातेलं ठेवलं, म्हणजे आवाज तरी येणार नाही. पातेलं भरलं ते कुंड्यांना घातलं. खिडकीतून वारा यायला लागला तेव्हा पोरीला सर्दी होईल म्हणून फटीत माझा जुना टॉवेल कोंबला. फ्रिजच्या दाराशी खुर्ची लावून ठेवली, दार घट्ट राहावं म्हणून. गिझरचा काटा टोकाला होता खरा, पण मी गिझर लावलाच नाही, सगळ्यांना सांगितलं की तो बिघडला आहे, गार पाण्याने करा. चिरंजीव दोन दिवस अंघोळीत किंचाळत होते. फ्लशच्या टाकीचं पाणी तेवढं वाचवता आलं नाही, म्हणून मी त्या खोलीत कमी वेळा गेले.

गुरुवारी परीक्षक आले. वाळके, उंच, गळ्यात दोरीला बांधलेला टॉर्च, बोलणं बेताचं. चहा विचारला तर म्हणाले नंतर. मी कोपऱ्यात बसले, हातात विणकाम घेऊन. (मला विणता येत नाही. पण नुसतं बघत बसलेली म्हातारी संशयास्पद दिसते.) मुंगी कामाला लागली आणि काय सांगू, पंधरा मिनिटांत पाचच्या पाच शोधले. मेणबत्ती खिडकीशी नेली आणि टॉवेल काढताच ज्योत विझली, तेव्हा तर मी जवळजवळ टाळी वाजवणार होते. परीक्षक आपले मागून चालताहेत, टॉर्चचा झोत पाडताहेत, हूं नाही की चूं नाही. फक्त नळाखालचं पातेलं बघून थांबले. मग कुंड्या बघितल्या. मग फ्रिजला टेकवलेली खुर्ची. मग माझं विणकाम.

आणि तिथे मुंगीही थांबली. नळाच्या नटावर तिने बोट फिरवलं. पान्याचा दात लागला होता तिथे पितळ लखलखत होतं, ताजं. तिने बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "आजी," ती अगदी हळू म्हणाली, "मंगळवारी दुपारी तू घरात एकटी होतीस ना?" मी म्हटलं, दोन टाके उलटे पडलेत, मला बोलायला लावू नकोस. परीक्षकांनी घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, कागद भरा.

धाकटे, त्या वेळी पोरीने गप्प बसायचं होतं. दोष पाच, सगळे डोळ्यांसमोरचे, उपाय तिला पाठ. कारणाच्या रकान्यात "झीज" लिहिलं असतं की जागा तिची, फरशी दुसऱ्या कुणाची. ती टेबलाशी बसली आणि बराच वेळ पेन तोंडात धरून राहिली. मग लिहिलं. परीक्षकांनी कागद वाचला, टॉर्च लावून पुन्हा वाचला, आणि माझ्यासमोर आणून धरला. पाचही दोषांपुढे, कारणाच्या रकान्यात, एकाखाली एक, "आजी." आणि उपायाच्या रकान्यात पाचांना मिळून एकच कंस काढून लिहिलं होतं, "आजीशी बोलणे. न ओरडता."

माझ्या हातून सुई पडली. परीक्षकांनी ती उचलून दिली, आणि मग चहा मागितला. चहा पिताना म्हणाले की एवढी वर्षं घरं तपासली, पण घर बिघडवूनही एक थेंब वाया न घालवणारी बाई पहिल्यांदा पाहिली. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की तक्रारीने ते मला अजून ठरवता आलेलं नाही, मी कौतुक धरलं आहे. मुंगीला म्हणाले, दोष सापडले, कारण सापडलं, आणि खरं लिहिलंत, पण नियमाने घर खरोखर गळकं हवं. आपसूक, वर्षानुवर्षं, मनापासून गळणारं. घरधनिणीची संमती हवी. शनिवारी अकराच्या आत असं घर दाखवलंत तर जागा तुमची, नाहीतर रांगेतल्या पुढच्याची. चहा संपवून गेले. मुंगी माझ्यावर ओरडली नाही. उपाय म्हणून लिहिला होता तसाच केला, शेजारी बसली आणि म्हणाली, "तू विचारायचं होतंस ना मला आधी."

एवढंच म्हणाली, आणि मला तुझी आठवण झाली. आता इतकं झालंच आहे तर लिहिते. मागच्या खेपेस मी तुझ्याकडे आले, तुझे यजमान अंघोळीला गेले, आणि मी बाहेरून गिझर बंद केला. त्यांच्या डोक्याला साबण होता हे मला ठाऊक नव्हतं. ते तसेच टॉवेल गुंडाळून, फेसाने डोळे मिटलेले, दिवाणखान्यात आले, आणि तिथे त्यांच्या कचेरीतले तीन जण बसले असतील हेही मला ठाऊक नव्हतं. तू म्हणालीस, तुला माणसांपेक्षा मीटर जवळचं. मी म्हटलं, मीटर निदान खरं बोलतं. त्यावर दोन वर्षं गेली. धाकटे, मीटर खरं बोलतं, पण ते चहा विचारत नाही. मी बंद करायला नको होता. विचारायला हवं होतं. मुंगी म्हणते या कामाची रीत अशी, की आधी दार वाजवायचं, मग विचारायचं, मग मोजायचं, आणि बंद काय करायचं ते ज्याचं त्याने. हे मला सत्तरीत, नातीकडून आणि तेही परीक्षकादेखत कळलं, तर थोरलीचा हात जरा मऊ झाला आहे एवढं समज आणि राग सोड. मला आणखी काही नको. यजमानांना पुन्हा नमस्कार.

तुझी,
थोरली

ता. क. आणखी काही नको असं वर लिहिलं आहे ते मागे घेते. एक घर हवं आहे. तुला मी लहानपणापासून ओळखते, तुझ्याइतकी मोकळ्या हाताची बाई आपल्या दोन्ही घराण्यांत झाली नाही. तुझ्या बाथरूमचा नळ मी आले तेव्हा टपकत होता, त्याच्या आधी आले तेव्हाही, आणि तुझ्या फ्रिजचं दार तर दोरीने बांधलेलं असायचं. कालपासून सगळ्या ओळखीच्यांचा विचार करून झाला, तुझ्या पासंगाला कुणी पुरत नाही. हे मी कौतुकाने लिहिते आहे, परीक्षकांसारखं नाही.

ता. क. दुसरा. कृपा करून काहीही दुरुस्त करू नकोस. नळवाल्याला बोलावलं असशील तर त्याला नंतरची वेळ दे.

ता. क. तिसरा. माफी वर मागितली आहे ती खरी आहे, तिला धक्का लावायचा नाही, पण त्या दिवशी गिझर पाऊण तास चालू होता. यजमानांचे केस किती आहेत ते तू आणि मी दोघी जाणतो. असो. यापुढे मी त्यावर लिहिणार नाही.

ता. क. चौथा, शनिवार सकाळ, पेन्सिलीने, कारण पेन घरी राहिलं. हे पत्र टपालाने पोचायला वेळ लागला असता, म्हणून ज्या मुलीने तुझ्या हातात दिलं ती मुंगीच आहे, दोन वर्षांत उंच झाली म्हणून ओळखली नसशील. तिला बसायला सांग. पिशवीत मेणबत्ती आहे, घाबरू नकोस. संमतीचा कागद तिच्याकडे आहे, वाटलं तर सही कर, नाही वाटलं तर ती नमस्कार करून निघेल, जोर करणार नाही, तसं तिला शिकवलेलं आहे. परीक्षक कोपऱ्यावरच्या बाकावर टॉर्च पुसत बसले आहेत, त्यांना अकरापर्यंत वेळ आहे. मी येणार नव्हतेच. पण हिला जिना एकटीने चढवेना, म्हणून तुझ्या दारापर्यंत सोडून खाली आले, हा कागद तेवढा कठड्यावरून तिच्या हाती दिला. वर यायचं की नाही हे मला विचारू नकोस, मुंगी म्हणते घरच्या माणसाने बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, तेव्हा मी खालच्या तिसऱ्या पायरीवर बसून आहे. सावकाश वाच. तुझा नळ इथवर ऐकू येतो आहे, आणि मी त्याला हात लावलेला नाही.